मुक्ताला मामा नाही

कोथरूड, पुणे
९ जून १९८७

श्याम,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

सोबत एक कागद आहे. खाली तुझं नाव टाइप केलं आहे, त्याच्यावर सही करून परत पाठव. बाबांनी हा फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर केला, त्यामुळे सोसायटीला दोघांची ना हरकत लागते. एकीची चालत नाही, हे मी सेक्रेटरींना दोनदा विचारून घेतलं. चाललं असतं तर तुला त्रास दिला नसता.

गोपाळकृष्ण गेल्या नोव्हेंबरात गेले. तुला कळवलं नव्हतं. नारायण पेठेतलं घर त्यांच्या भावांचं, तिथे राहण्यात अर्थ नव्हता. फेब्रुवारीत मी आणि सुनीती इथे आलो. सुनीती पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला.

मी इथे पाळणाघर सुरू करते आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काम कोण देणार? या भागात नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं पुष्कळ झाली आहेत, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्याला पुरतात.

सारसबागेत जे झालं त्यानंतर मी दुसऱ्यांची मुलं सांभाळणार, हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी लक्ष माझं सुटलं नव्हतं. तू स्वतःच तसं म्हणाला होतास, सगळ्यांसमोर. म्हणून त्याबद्दल काही लिहू नकोस. सही तेवढी पाठव.

सुहासिनी


४ जुलै १९८७

श्याम,

सही मिळाली. पाकिटात आणखी काही आहे का, म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नव्हतं. मीच तसं लिहिलं होतं.

पाळणाघर पंधरा जूनला सुरू झालं. सेक्रेटरी गोळेसाहेबांनी आपल्या सह्या चष्मा वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "लहान मुलं आवाज करतात असं ऐकून आहे."

"दुपारी झोपवीन मी," मी म्हटलं.

"कुणाला? मुलांना की सोसायटीला?" असं विचारून त्यांनी शिक्का मारला.

चार मुलं आहेत. सगळ्यांत मोठा संभाजी, पाच वर्षांचा. सगळ्यांत लहान छकुली, आठ महिन्यांची. मधे दोन मुली, त्यांतली मुक्ता साडेतीन वर्षांची. तिची आई उल्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. डोंगरापलीकडच्या गावातल्या एका शेतकरी घरातल्या मुलाशी तिने पळून जाऊन लग्न केलं आणि चार वर्षांनी चालत परत आली. हे तिचेच शब्द. आता कोर्टात तारखा चालू आहेत. सासरच्यांनी मुलगी उचलून नेली तर, ही तिची एकच धास्ती. मी एक वही केली आहे, तिच्यात प्रत्येक मुलाला कोण आणणार आणि कोण नेणार ते पालकांकडून लिहून घेते. 'नेणार' खाली उल्काने 'फक्त मी' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

तुला दुसरं पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी आहे आणि इथे कुणाला सांगता येत नाही. मला भीती वाटते. पाळणाघराची बाई घाबरते हे बाहेर कळलं तर उद्या एकही मूल येणार नाही. तू मला तसाही काही देणंघेणं नसलेला माणूस झाला आहेस, तेव्हा तुला कळलं तर बिघडत नाही.

शेंगदाणे मी घरातून काढून टाकले. मूल आलं की आधी त्याच्या कपड्यांची बटणं पाहते, सैल असेल ते तिथल्या तिथे शिवते. बादल्या पालथ्या ठेवते. रॉकेलची बाटली गॅलरीत उंच फळीवर ठेवली होती, मग फळी पडली तर, म्हणून ती गोळेबाईंकडे नेऊन दिली. दुपारी चारही झोपली की घर असं गप्प होतं, की मी एकेकाच्या नाकाशी बोट धरून बघते. छकुली बोटाने शिंकते आणि जागी होते. मग तिला परत झोपवायचं.

सुनीती म्हणते, "आई, तू मुलं सांभाळत नाहीस, मोजतेस."

ती शाळेतून पाचला येते. तोवर मी एकटी. एक बाई मदतीला ठेवावी असं वाटतं, पण मग तिच्यावरही लक्ष ठेवावं लागेल.

उत्तर पाठवण्याची गरज नाही.

सुहासिनी


१९ ऑगस्ट १९८७
सकाळी सहा

श्याम,

काल संध्याकाळपासून मुक्ता सापडत नाही.

नीट लिहिते. काल चारच्या सुमारास एक माणूस आला. मुक्ता "मामा! मामा आला!" म्हणून ओरडत धावली आणि त्याला बिलगली. मूल ज्याला मामा म्हणून बिलगतं त्याला कोण अडवील? वहीत 'फक्त मी' लिहिलं होतं, मला माहीत आहे. पण मामा म्हटल्यावर मला वही आठवलीच नाही. मामा कुठे परका असतो? मी दारात उभी होते. माणूस तीस-बत्तीसचा, मिशी राखलेली, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. त्याने तिला चपला घातल्या आणि नेलं.

सहाला उल्का आली. मी म्हटलं, "मुक्ताला आज तिचे मामा घेऊन गेले."

ती वाकून चपलेचा पट्टा सोडवत होती. तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "मला भाऊ नाही."

त्यानंतर आम्ही चौकीवर गेलो. फौजदारांनी मला विचारलं, "कसा होता?" मी सांगितलं. एकदाही अडखळले नाही. ते लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "बाईंची नजर बरी आहे. नाहीतर इथे येणाऱ्यांना स्वतःच्या नवऱ्याची उंची सांगता येत नाही." उल्काने पर्समधून संपतचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोटो काढून माझ्यासमोर धरला. "हा होता का? नीट बघा. हाच असेल तर निदान ती कुठे आहे ते तरी कळेल." फोटोतल्या माणसाला मिशी नव्हती. मी म्हटलं, "हा नव्हे."

तिने फोटो परत ठेवला तेव्हा तिचा चेहरा मला पाहवला नाही. मुलगी सासरच्यांनीच नेलेली असावी अशी देवाजवळ प्रार्थना करणारी तिच्यासारखी बाई काल मी पहिल्यांदा पाहिली. तो नव्हे म्हटल्यावर कुणी त्या गावाकडे गेलंच नाही. सगळे स्टेशनं आणि एसटी स्टँड शोधायला गेले.

माणसाचा आवाज कसा होता, हे कुणी विचारलं नाही.

उल्का रात्री घरी गेली नाही. बाहेरच्या खोलीत मुलांच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसली आहे. मी तिला चहा दिला, तो तिने घेतला. मला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठ वाजता बाकीची तीन मुलं येतील. येतील का?

सुहासिनी


२१ ऑगस्ट १९८७

श्याम,

मुक्ता सापडली. बुधवारी दुपारी बाराला बेल वाजली, मी दार उघडलं तर एक म्हातारा उभा. धोतर, पांढरी टोपी, आणि कडेवर मुक्ता. अंगात नवा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, हातात अर्धवट खाल्लेला पेरू. मी त्या माणसाला याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं.

"बाई, ही घ्या तुमची पोरगी," तो म्हणाला.

उल्का आतून धावत आली. "गेनबामामा!"

तेव्हा उलगडा झाला. हा संपतचा मामा. त्या घरात लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणतात, मुक्ताही बापाचं ऐकून मामाच म्हणते. उल्काला ते सुचलं नाही, कारण तिच्या मुलीचा मामा म्हणजे तिचा भाऊ, आणि तो तिला नाही. मलाही त्याच्यापलीकडे काही सुचलं नाही. एवढ्या एका शब्दावर एक रात्र गेली.

"मला विचारायचं होतंत," उल्का म्हणाली. तिने मुक्ताला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली.

"इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनली आसतीस," गेनबा म्हणाला. "मथुरा हातरुनाला खिळलीया. नात बघायची म्हनून दोन दिस अन्न घेतलं न्हाई. सांजच्याला परत आणनार हुतो, पन पोरगी तिच्या कुशीत निजली. निजलेलं ल्येकरू उचलून न्यायचं का?" मथुराबाई म्हणजे उल्काची सासू, गेनबाची बहीण.

हे इथे संपायला हवं होतं. संपलं नाही. पोलीस गेनबाला घेऊन गेले. आणि त्याच्या आधीच त्यांनी आणखी एकाला धरलं होतं. आमच्या समोरच्या इमारतीला रंग देणारा मच्छिंद्र. तिशीचा, मिशी, निळ्या चौकड्यांचा शर्ट. मंगळवारी संध्याकाळीच उचलला.

गेनबा म्हणतो, मी एकटाच गेलो. म्हणतो, "बाईनं मला बघितलं न्हाई, मी बाईला बघितलं न्हाई. बाई आतनं बोलली, न्या म्हनली. चपला खिडकीखाली हायत हे बी तिनंच सांगितलं." फौजदार हसले. मला म्हणाले, "म्हातारा बेरकी आहे. स्वतः कोपऱ्यावर थांबला, मुलगी आणायला रंगाऱ्याला पाठवलं, आणि आता त्याला वाचवतोय. तुम्ही काळजी करू नका, तुमचा जबाब पक्का आहे."

उल्कालाही केस हवी आहे. पुढच्या तारखेला ती कोर्टाला दाखवील की सासरचे भाड्याची माणसं लावून मुलगी पळवतात. काल तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सुहासिनीताई, तुम्ही नीट बघितलं होतं म्हणून मी उभी आहे." आणि आज मुक्ताला परत माझ्याकडे आणून सोडलं.

मंगळवारी अकरा वाजता ओळख परेड आहे. सात माणसं रांगेत उभी करतील, मला एकावर हात ठेवायचा.

मच्छिंद्रची बायको रोज सकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहते. तान्ही मुलगी कडेवर असते. काही बोलत नाही, मागत नाही. गोळेसाहेब तिला म्हणाले, "इथे उभं राहून काय होणार आहे?" ती म्हणाली, "बाईला बघतीया." मी खिडकी लावून घेतली आहे. मुलांना उकडतं.

मी जे सांगितलं ते सांगितलं. आता त्यात काय बदलणार?

सुहासिनी


२४ ऑगस्ट १९८७

श्याम,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. अकरा वर्षांत पहिलं. 'ताई, तू दारात होतीस का?' एवढंच, आणि खाली नावही नाही. कार्डाऐवजी पाकीट पाठवायचं होतंस. पोस्टमन ते हातात देताना माझ्याकडे बघत होता. की मला तसं वाटलं.

नव्हते.

मी मोरीत होते. छकुलीला जुलाब झाले होते, ती माझ्या एका हातावर पालथी, दुसऱ्या हाताने मी पाणी ओतत होते. बेल वाजली. संभाजीने स्टुलावर चढून कडी काढली. मुक्ता ओरडली, "मामा आला!" बाहेरून आवाज आला, "न्यायला आलोय बाई." मी आतून म्हटलं, "न्या. चपला खिडकीखाली आहेत." दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मला त्या क्षणी काय वाटलं माहीत आहे? एक कमी झालं.

तो आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. गावाकडचा. मला तेव्हाही कळलं होतं आणि चौकीवरही आठवत होतं. तेवढं जरी बोलले असते तरी उल्काने गेनबाचं नाव घेतलं असतं आणि सगळे तासाभरात त्या गावात पोचले असते. पण फौजदारांनी विचारलं 'कसा होता', आणि उल्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पाहिलं नाही, असं म्हणणं म्हणजे तुझं मूल मी न बघता देऊन टाकलं असं म्हणणं. ते माझ्या तोंडून निघेना. त्याच्याऐवजी शर्ट निघाला. मग मिशी. कुठून आलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभी राहिले तेव्हा समोरच्या भिंतीला परांची बांधलेली दिसली. ती रिकामी होती. रोज सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना मला तिथे तो शर्ट दिसायचा.

फोटो दाखवला तेव्हा थांबता आलं असतं. तेव्हा मला माझा शर्ट खरा वाटायला लागला होता.

तू विचारलंस, कारण तुला माहीत आहे मी काय करते. मग तेही लिहून टाकते. कागदावर कुठेच नाही ते.

सारसबागेच्या फाटकाशी मी पाचला येणार होते. तू सुनीतीला माझ्या हवाली करून स्टेशनवर जाणार होतास, सहाची गाडी होती, नागपूरला नोकरीवर हजर व्हायचं होतं. तू साडेपाचपर्यंत थांबलास. मग तिला भेळवाल्याजवळ बसवून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करायला गेलास, आणि आलास तर ती नव्हती. चार तासांनी स्वारगेटला एका फुलवालीजवळ सापडली. मी सगळ्यांना सांगितलं की मला बस मिळाली नाही.

मी बससाठी घरातून निघालेच नव्हते. सासूबाई, दीर, जावा सगळे लग्नाला गेले होते. लग्नानंतर पहिल्यांदा ते घर रिकामं होतं. मी माजघरात जमिनीवर बसले होते, काहीही करत नव्हते. घड्याळात पाच वाजलेले मला दिसले. मी उठले नाही. सहा वाजलेलेही दिसले.

रात्री यांनी तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "माझं लक्ष नव्हतं, भाऊजी." बस न मिळण्यावर तू विश्वास ठेवला नव्हतास, मला दिसत होतं. यांनी तुला सांगितलं की पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. मी तिथेच उभी होते, सुनीती माझ्या कडेवर झोपली होती, आणि मी काही बोलले नाही. नंतर मला तुझा खरंच राग यायला लागला. तो राग मी नीट सांभाळला.

उद्या अकरा वाजता. मी खरं सांगितलं तर पाळणाघर बंद पडेल. खोटा जबाब दिला म्हणून मलाच धरतील का? सुनीतीची दहावी आहे. नाही सांगितलं तर आत दोन माणसं आहेत, त्यांतला एक सत्तरीचा. मला दोन्हीची भीती वाटते आणि दोन्ही भीत्या सारख्याच वजनाच्या नाहीत, हे तुला पटेल का? रंगाऱ्याची कमी वाटते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं आहे.

सुहासिनी


३० ऑगस्ट १९८७

श्याम,

सात माणसं भिंतीशी उभी होती. सगळ्यांना एकसारखे पांढरे शर्ट घातले होते. मच्छिंद्र डावीकडून तिसरा. मी त्याला लगेच ओळखलं, रोज बघत होते ना. सातांतला तेवढा एकच चेहरा माझ्या ओळखीचा होता. डावा कान सुजून काळा पडला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर बघत होता.

मी म्हटलं, "यांतलं कुणी नाही. त्या दिवशी मी कुणालाच पाहिलं नाही."

अधिकारी म्हणाले, "घाबरू नका, तो तुम्हाला काही करणार नाही."

"घाबरले होते म्हणूनच तसं सांगितलं," मी म्हटलं. "मी आत होते. गेनबा सांगतो तसंच झालं."

मग फौजदार म्हणाले, "बाई, मग तो शर्ट कुठून आणलात?"

"खिडकीतून."

त्यांनी सगळं पुन्हा लिहून घेतलं. माझ्यावर काय करायचं ते वरून ठरेल म्हणाले. दोघांना संध्याकाळी सोडलं.

उल्का बाहेर बाकावर बसली होती. तिला मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फोटो दाखवला तेव्हा?"

"तेव्हाही."

"नुसतं माहीत नाही म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर त्याच रात्री आठ वाजता मी तिला जवळ घेऊन बसले असते." मग माझ्याबरोबर घरी आली, खुंटीवरचा मुक्ताचा टॉवेल, पेला आणि जादाचा फ्रॉक पिशवीत घातला. मुक्ता जाताना मला हात हलवत होती. उल्काने तिचा हात खाली केला.

गुरुवारपर्यंत तिन्ही मुलं गेली. संभाजीच्या आईने निदान कारण तरी सांगितलं, बाकीच्यांनी निरोपच पाठवला. गोळेसाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, "सोसायटीत फार शांतता आहे हल्ली. झोप लागत नाही."

सुनीतीला मी सारसबागेचं सांगितलं. ती भूमितीची वही घेऊन बसली होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे श्याममामाने मला हरवलंच नव्हतं."

"नाही."

"मी इतकी वर्षं त्याचं नाव निघालं की तोंड फिरवायचे. शाळेत निबंधात लिहिलं होतं, मला मामा नाही म्हणून." तिने कंपास बंद केला. "बाईंनी त्याला दहापैकी आठ दिले होते." मग वेणी घातली आणि क्लासला गेली. दोन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतं बोलते. कडू बोलत नाही, त्यामुळे अंदाज येत नाही.

काल सकाळी बेल वाजली. मच्छिंद्रची बायको होती, सरूबाई. मला वाटलं, शिव्या द्यायला आली. दार मी पूर्ण उघडलं, दिल्या तर घ्याव्यात म्हणून.

"मालकांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "परांचीवर चढलं की भवंड येती. काल खाली पडता पडता ऱ्हायले. ठेकेदार म्हनला, आता येऊ नगंस."

मी म्हटलं, "डॉक्टरकडे मी घेऊन जाते त्यांना. आजच."

"ते तर न्यायचंच हाय." तिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी सोमवारपासनं मार्केट यार्डात कांदा निवडायला चाललीय. तिथं पोरगी न्यायची सोय न्हाई, हातगाड्या आंगावर येत्यात. घरी ठिवावी तर ती रडली तर त्यास्नी ऐकू यायचं न्हाई. तुमच्यामुळं झालंय. तवा तुम्ही ठेवा."

घर रिकामं होतं, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "सरूबाई, अगं, माझ्याकडे कुणी मूल ठेवत नाही आता. तुला माझ्याकडे ठेवायची भीती नाही वाटत?"

"वाटती की," ती म्हणाली, आणि मुलगी माझ्या हातात दिली. "तुमाला बी वाटू द्या."

श्याम, ती दहा महिन्यांची आहे आणि वजनाला फार हलकी आहे. उद्या सकाळी सहाला येईल.

ताई